होल्गा की डायना : दोन प्लास्टिक कॅमेऱ्यांतून एक निवडताना

१२० च्या रोलवर, म्हणजे रुंद फिल्मच्या गुंडाळीवर, चालणारा प्लास्टिकचा कॅमेरा घ्यायचे ठरले की निवड बहुधा होल्गा १२०एन आणि डायना एफ प्लस या दोघांपाशी येऊन थांबते. गेली सहा वर्षे दोन्ही माझ्या वापरात आहेत. आमच्या घरी पूर्वी अॅग्फाचा क्लिक थ्री होता, त्यामुळे पाठीवरची लाल खिडकी आणि तिच्यातून आकडा पाहत रोल पुढे सरकवणे माझ्या हाताला सवयीचे होते. ज्यांना ती सवय नाही त्यांनाही ती दोनतीन रोलांत लागते.

केवळ संग्रहाचा विचार केला तर डायनाचे पारडे जड आहे, हे मोकळेपणाने मान्य करायला हवे. मूळ डायना १९६० च्या दशकात हाँगकाँगच्या कौलून भागात तयार होत असे आणि तोच साचा बॅनर, अॅरो, अॅनी अशा कितीतरी नावांनी विकला गेला. ही भावंडे शोधत राहण्यात वेगळाच आनंद आहे. एफ प्लस हा २००७ मध्ये आलेला तिचा नवा अवतार. होल्गा १९८२ चा, तोही हाँगकाँगचाच, आणि मुळात चीनमधील सामान्य कुटुंबांसाठी काढलेला. २०१५ मध्ये त्याचे उत्पादन थांबले व २०१७ मध्ये पुन्हा सुरू झाले.

चित्राच्या बाबतीत श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवणे मला योग्य वाटत नाही. डायनाचे चित्र सर्वत्र सारखेच मऊ येते, जणू धुक्यामागून पाहावे तसे. छायाचित्रकार नॅन्सी रेक्स्रॉथ यांनी १९७० च्या दशकात ओहायोच्या खेड्यांत या कॅमेऱ्याने जे काम केले, ते पाहिल्यावर त्या मऊपणाची ताकद कळते. होल्गा मध्यभागी पुरेसा स्पष्ट असतो आणि कोपऱ्यांकडे अंधारत जातो, त्यामुळे पाहणाऱ्याची नजर आपोआप माणसाच्या चेहऱ्यावर जाते. छायाचित्रकार डेव्हिड बर्नेट यांनी २००० सालच्या अमेरिकी निवडणूक प्रचारात अध्यक्षपदाचे उमेदवार अल् गोर यांना होल्गाने टिपले, ते यामुळेच परिणामकारक ठरले असावे.

माझा निर्णय मात्र चित्रांवरून झालेला नाही. डायना एफ प्लसमध्ये ऊन, विरळ ढग आणि दाट ढग यांच्या अॅपर्चरांबरोबर, म्हणजे प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्रांच्या मापांबरोबर, पिनहोलसाठी (लेन्स काढून अगदी बारीक छिद्रातून चित्र घेण्यासाठी) एफ १५० ची चौथी खूण असते, आणि ती निवडण्याची कळ लेन्सच्या खालच्या अंगाला असते, म्हणजे कॅमेरा डोळ्याला लावला की ती दिसत नाही. वाईजवळच्या मेणवलीला मी एका सकाळी घाटाच्या पायऱ्या आणि वसईच्या मोहिमेतून आणलेली ती मोठी पोर्तुगीज घंटा टिपत होतो. घरी रोल धुऊन दोरीवर टांगला, तेव्हा एकामागून एक सात चौकटी कोऱ्या काचेसारख्या निघाल्या. पिशवीतून काढताना कळ पिनहोलवर सरकली असावी, आणि त्या छिद्राला नेहमीच्या शटरचा क्षण कुठून पुरणार? दृश्यदर्शक लेन्सपासून वेगळा असल्यामुळे त्यातून सारे स्वच्छ दिसत राहिले आणि शटरचा आवाजही नेहमीसारखाच आला. असे पुढे आणखी दोनदा झाले. प्रत्येक कॅमेऱ्याची कळ इतकी सैल असेल असे मी म्हणणार नाही, पण तेव्हापासून प्रत्येक चौकटीआधी कॅमेरा उलटा करून पाहण्याची सवय मला लावून घ्यावी लागली, आणि समोरचा क्षण तेवढा वेळ थांबत नाही.

होल्गातही उणिवा आहेत. मागचे झाकण दोन पत्र्याच्या पट्ट्यांवर टिकते, गळ्यातला पट्टाही त्याच पट्ट्यांना अडकवलेला असतो आणि ओढ बसली की त्या वर सरकतात. जुन्या होल्गांत तर ऊन आणि ढग या दोन्ही खुणांवर अॅपर्चर एकच राहत असे. परंतु झाकणाला रोल भरतानाच काळी चिकटपट्टी लावली की बारा चौकटी संपेपर्यंत तिकडे पाहावे लागत नाही. डायनाच्या कळीलाही चिकटपट्टी लावता येईल, असे कोणी सुचवेल. मी तेही करून पाहिले. प्रकाश बदलला की ती काढावी लागते, आणि सह्याद्रीतल्या श्रावणात प्रकाश तासाभरात चारदा बदलतो.

ज्यांना पिनहोलचीच ओढ आहे, किंवा लेन्स बदलून पाहायच्या आहेत, त्यांनी डायनाच घ्यावी. त्या दोन्ही सोयी माझ्या होल्गात नाहीत. एकाच रोलवर सोळा चौकटी घेण्याची सोय मात्र दोन्हींत आहे, आणि रोलच्या आजच्या किमतीत तो लहान फायदा नव्हे. माझी डायना कपाटातल्या वरच्या फळीवर तिच्या भावंडांशेजारी आहे आणि वर्षातून एखादा रोल तिच्यासाठी मी राखून ठेवतो. पुढच्या हिवाळ्यात मेणवलीला पुन्हा गेलो तेव्हा गळ्यात होल्गा होता. त्या रोलच्या बाराही चौकटी आल्या; घंटा तेवढी एका कोपऱ्यात, अर्धी काळोखात गेलेली आहे.