निधी ‘वळवला’ की ‘वर्ग केला’? क्रियापद निवडण्याआधी

ग्रामसभेचा ठराव, माहिती अधिकाराचा अर्ज किंवा बातमी लिहिताना पैसा किंवा पाणी एकीकडून दुसरीकडे गेले, हे सांगायचे असते. हाताशी चार-पाच क्रियापदे असतात, पण ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

सर्वांत महागात पडते ती ‘वळवणे’ आणि ‘वर्ग करणे’ यांतली गल्लत. शाळेच्या दुरुस्तीसाठी मंजूर झालेली रक्कम शाळेच्या खात्यात जमा झाली, तर ती वर्ग केली. हेतू तोच राहिला, खाते बदलले. तीच रक्कम रस्त्याच्या कामावर गेली, तर ती वळवली. वळवायला आधी ठरलेली वाट असावी लागते. मन वळवतो तेव्हाही ते आधी दुसरीकडे लागलेले असतेच. त्यामुळे ‘निधी वळवला’ म्हटले की कोणाचे तरी काम राहिले, हे ऐकणाऱ्याला न सांगता कळते आणि आरोपाचा सूर आपोआप लागतो. पुरावा नसताना असे लिहिणे अन्यायाचे आहे. पण पुरावा हातात असून ‘वर्ग केला’ लिहिणे मला त्याहून वाईट वाटते, कारण ज्यांच्या हक्काचे गेले त्यांचा वाक्यात मागमूसही उरत नाही.

प्रत्येक वळवणे बेकायदा नसते. अर्थसंकल्पात एकाच मागणीखाली, म्हणजे विधिमंडळाने एकत्र मंजूर केलेल्या खर्चाच्या एका गटात, खर्चाच्या एका शीर्षातली बचत सक्षम मंजुरीने दुसऱ्या शीर्षाकडे नेता येते, त्याला पुनर्विनियोजन म्हणतात. एका मागणीतला पैसा दुसऱ्या मागणीत मात्र असा नेता येत नाही. तिथे राज्यघटनेच्या कलम २०५ प्रमाणे विधिमंडळापुढे पुरवणी मागणी आणावी लागते. तेव्हा कार्यालयीन टिपणीत ‘पुनर्विनियोजन’च लिहावे. बातमीत ‘वळवला’ चालेल, पण मंजुरी होती हे त्याच वाक्यात यायला हवे.

पाण्याच्या बाबतीत हे क्रियापद स्वच्छ, आरोपाविना वापरले जाते. कोयना मूळची पूर्वेकडे वाहत कृष्णेला मिळणारी नदी. तिचे पाणी वीजनिर्मितीसाठी सह्याद्रीपलीकडे नेले जाते, पुढे ते कोकणातल्या वाशिष्ठी नदीत उतरते. कृष्णा पाणीतंटा लवादाने त्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली. खोरे बदलते, म्हणून हे पाणी वळवलेले. नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीत येते ते गोदावरीच्या खोऱ्यातच राहते, म्हणून ते सोडलेले. तिथे ‘वळवले’ लिहिले तर आधीच असलेल्या वादात भर पडते. आणि २०१६ साली मिरजेहून रेल्वेने लातूरला गेलेले पाणी ना वळवलेले, ना सोडलेले, ते पोहोचवलेले.

‘वळती करणे’ मात्र वेगळे. येणे आणि देणे एकमेकांतून वजा करून घेणे, हा त्याचा अर्थ. शेतकऱ्याच्या अनुदानाची रक्कम बँकेने त्याच्या थकीत कर्जात धरली, तर ती कर्जखात्यात वळती केली. इथे ‘वर्ग केली’ लिहिले तर पैसे शेतकऱ्याच्या हातात पडले असा समज होतो.

बाकीची दोन क्रियापदे सोपी आहेत. मालकी किंवा ताबा बदलला तर हस्तांतरित करणे, नुसती जागा बदलली तर हलवणे. गोदामातले धान्य दुसऱ्या गोदामात गेले तर हलवले. ते रेशन दुकानाऐवजी खुल्या बाजारात गेले तर ‘हलवले’ म्हणून भागणार नाही.

‘वळवणे’ निवडलेच, तर ते अर्धवट वापरू नये. ‘निधी वळवण्यात आला’ या वाक्यात कर्ता नाही, आधीचे काम नाही, नंतरचेही नाही. कोणी, कशासाठीचा, कशाकडे ही तिन्ही उत्तरे वाक्यात असावीत. माहिती अधिकाराच्या अर्जात तर ‘निधी का वळवला?’ असे विचारून फारसे हाती लागत नाही, कारण तो कायदा नोंदी मिळवून देतो, खुलासे नव्हे. ‘अमुक कामासाठी मंजूर झालेली रक्कम ज्या आदेशाने दुसऱ्या कामाकडे वळवली, त्या आदेशाची व संबंधित टिपणीची प्रत द्यावी’ असे लिहावे.