वेर्ण्याच्या गेटवर कळलं

वाळपईहून पहाटेची बस धरली, पणजीला बदलली आणि पावणेआठला वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत कंपनीच्या गेटवर उभा राहिलो. हातात जॉइनिंग लेटर. पायात जुनेच बूट, कारण सेफ्टी शूज आत मिळणार होते, त्यांचे पैसे आधीच भरले होते. सिक्युरिटीवाल्याने लेटर उलगडलं, वरच्या दोन ओळी वाचल्या आणि परत दिलं. म्हणाला, "या महिन्यातला तू तिसरा."

आयटीआय फिटर पास होऊन आठ महिने घरी बसलो होतो. तेव्हा व्हॉट्सॲपवर मेसेज आला: फार्मा कंपनीत प्रॉडक्शन ऑपरेटर, पगार २२,०००, कँटीन आणि बस फुकट, भरती कंत्राटदारामार्फत. वेर्ण्यात खरोखरच बरीच मुलं कंत्राटावर लागतात, त्यामुळे शंका आली नाही.

इंटरव्ह्यू मडगावात, एका लॉजच्या दुसऱ्या मजल्यावर. आदल्या रात्री व्हर्निअर, मायक्रोमीटर ही बारीक मापाची साधनं, फाइव्ह एस ही कारखान्यातली टापटिपीची पद्धत, सगळं घोकलं होतं. टाय लावलेल्या साहेबांनी विचारलं काय, तर गाव कुठलं, वडील काय करतात, रात्रपाळी चालेल ना. पाच-सात मिनिटांत उठून हात मिळवला. "तुझ्यासारखी मुलं बघताक्षणी कळतात." आणि मला ते पटलं! पायऱ्या उतरता उतरता मी आईला फोनसुद्धा लावला.

मग मेडिकल, युनिफॉर्म, बूट आणि गेटपासचे मिळून ८,५०० मागितले, "पहिल्या पगारात परत" म्हणून. यूपीआयवर नाव आलं ते कंपनीचं नव्हे, कंत्राटदाराचंही नव्हे, कोणा भलत्याच माणसाचं. विचारलं तर "आमचे अकाउंटंट." पैसे आईचे, काजूबिया विकून डब्यात ठेवलेले. दहावीची मूळ मार्कशीट व्हेरिफिकेशनसाठी म्हणून ठेवून घेतली, तीही मी मुकाट दिली. लेटर आज बघतो तर जीमेलचा पत्ता, कंत्राटदाराच्या लायसन्सचा नंबर नाही, पीएफ-ईएसआयचा उल्लेख नाही. शिक्का मात्र दोन ठिकाणी.

लाजेने नऊ दिवस कोणाला बोललो नाही. शेवटी आयटीआयच्या सरांकडे गेलो. ते आधी रागावले, "अरे, ॲप्रेंटिसलासुद्धा १९६१ च्या कायद्याने कंपनीच स्टायपेंड देते, आणि तू नोकरीला पैसे देऊन आलास?" त्यांनीच समोर बसवून १९३० वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावायला लावला. पैसे गेल्या गेल्या या नंबरवर कळवलं तर पुढच्या खात्यात ते अडवता येण्याची शक्यता असते. नऊ दिवसांनी काय अडवणार? तक्रार तेवढी नोंदली गेली. डुप्लिकेट मार्कशीटसाठी पोलीस ठाणं आणि पर्वरीला बोर्डात खेपा झाल्या त्या वेगळ्या.

खरा इंटरव्ह्यू पुढे कुंडईला झाला. सुपरवायझरने काही न विचारता टेबलावर व्हर्निअर आणि एक पिन ठेवली. मेन स्केलवर २४, व्हर्निअरची सतरावी रेघ जुळलेली, लीस्ट काउंट, म्हणजे एका रेघेचं माप, ०.०२ मिमी. मी सांगितलं, २४.३४. तो म्हणाला, "जबडे मिटवून शून्य बघितलंस?" नव्हतं बघितलं. बघितलं तर शून्य दोन रेघा पुढे, ते ०.०४ वजा करायचे. म्हणजे २४.३०. घाम फुटला. मग ड्रॉइंग वाचायला दिलं, शॉप फ्लोअरवर नेऊन मशीनचा एक गार्ड, म्हणजे संरक्षक झाकण, काढून परत बसवायला लावला. दीड तास गेला. निवड झाली म्हणून कोणी सांगितलं नाही, "कळवतो" एवढंच.

चार दिवसांनी फोन आला. मेडिकल कंपनीने केली, बूट कंपनीने दिले. एचआरच्या बाईंनी मार्कशीट मागितली तेव्हा मी फाइल दोन्ही हातांनी धरून म्हटलं, "मॅडम, झेरॉक्स चालेल?" त्यांनी मार्कशीट माझ्या हातातच ठेवून बघितली.