पिरेअसमध्ये रोज ऐकतो तो रेडिओ : ईआरटीचा 'त्रितो' (५/५)

मी मूळचा रत्नागिरीचा, शिपिंगच्या कामामुळे पिरेअसला, म्हणजे ग्रीसमधल्या अथेन्सजवळच्या बंदरात, राहतो. सकाळी चहाचं आधण ठेवलं की पहिलं काम म्हणजे त्रितो लावणं. ईआरटी म्हणजे ग्रीसची सरकारी रेडिओ-टीव्ही संस्था, आणि हे तिचं शास्त्रीय संगीताचं केंद्र. निवेदकाला घाई नसते, रचना पुरी वाजू देतात. ईआरटीची ती जुनी ओळखधून, धनगराची बासरी आणि मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा, कानावर पडली की मला आकाशवाणीची पहाटेची धून आठवते. पैसे वीजबिलातून जातात, महिन्याला ३ युरो. मला ते जड वाटत नाहीत.

हीच ईआरटी तेव्हाचे पंतप्रधान सामारास यांच्या सरकारने ११ जून २०१३ रोजी बंद केली. दुपारी घोषणा, रात्री पडदे काळे! अडीच हजारांहून जास्त लोक घरी. कारण दिलं उधळपट्टीचं. वशिल्याची भरती झाली होती, हे मलाही पटतं. पण म्हणून एका रात्रीत कुलूप? आघाडीतला डेमोक्रॅटिक लेफ्ट पक्ष याच मुद्द्यावर सरकारातून बाहेर पडला. कर्मचारी इमारत न सोडता इंटरनेटवरून कार्यक्रम देत राहिले, नोव्हेंबरात पोलिसांनी त्यांना बाहेर काढेपर्यंत. पुढे पंतप्रधान त्सिप्रास यांचं सरकार आल्यावर, ११ जून २०१५ रोजी, ईआरटी परत सुरू झाली.

खालच्या मजल्यावरचे काका अजूनही म्हणतात, बंद केली ते बरंच केलं. यावर आमचं कधीच जमलं नाही.

ग्रीक येत नसलं तरी ऐका, इंटरनेटवर फुकट आहे.