हँडब्रेक : ताईच्या लग्नातली माणसं परत होती तशी दिसायला लागली

ताईचं लग्न २००६ चं, सहा मिनीडीव्ही कॅसेटा कपाटात पडून होत्या, कॅमेरा कधीच गेलेला. शेवटी एका दुकानात देऊन पेनड्राइव्हवर करून आणल्या. घरी लावलं तर सगळेच उंच आणि काटकुळे. आजी आमची चांगली भरलेल्या अंगाची, गोल चेहऱ्याची होती, आणि व्हिडिओत ती आजारी माणसासारखी ओढलेली दिसत होती. ती आता नाहीये, तिचं चालतं-बोलतं शूटिंग फक्त या कॅसेटांमध्येच आहे, म्हणून मला ते बघवेना. आईपण म्हणाली, ही अशी नव्हती गं.

तर हा रिव्ह्यू हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरचा, कारण गाडी शेवटी तिथेच रुळावर आली. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, २००३ पासून चालू आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. बहुतेक लोक ते फक्त फाइल छोटी करायला वापरतात, मीपण तेच करायचे, त्यातला चित्राचा आकार ठरवणारा डायमेन्शन्स टॅब कधी नीट उघडूनच बघितला नव्हता.

आधी गडबड काय होती ते सांगते, कारण जुन्या कॅसेटा असलेल्या प्रत्येक घरात ही होऊ शकते. आपल्याकडे व्हिडिओची पाल सिस्टीम, त्यात डीव्हीची फ्रेम कायम ७२० बाय ५७६ पिक्सेलची साठवली जाते, मग शूटिंग ४:३ (जुन्या टीव्हीसारखं) असो नाहीतर १६:९ (वाइड). आता ७२० भागिले ५७६ केलं तर १.२५ येतं, म्हणजे हे ४:३ पण नाही आणि १६:९ पण नाही! कारण त्यातला पिक्सेल चौरसच नसतो. फाइलमध्ये एक नोंद असते की बाबा हा पिक्सेल इतका रुंद करून दाखव, ४:३ असेल तर १६:१५ आणि १६:९ असेल तर ६४:४५. प्लेअर ती नोंद वाचतो आणि चित्र ७६८ किंवा १०२४ रुंदीचं करून दाखवतो. आमचं शूटिंग वाइड होतं आणि एमपी४ करताना ती नोंद गळून गेली, मग प्लेअरने पिक्सेल चौरस धरले आणि १०२४ मध्ये मावणारी माणसं ७२० मध्ये दाबून बसवली, म्हणजे प्रत्येक जण साधारण तीस टक्के बारीक.

मी आधी सगळं एडिट करून टाकलं होतं, चाळीस मिनिटांची फिल्म, आणि एडिटरमध्ये अंदाजाने ओढून रुंद केलं तर उलटं झालं, सगळे जाडे. डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नाही हे तेव्हा कळलं, कारण दहा मिनिटं चुकीचं बघितलं की डोळे त्यालाच सरावतात. त्यापेक्षा व्हिडिओत काहीतरी गोल शोधा. मी औक्षणाचं ताम्हण कॅमेऱ्याकडे सरळ दिसतंय अशी एक फ्रेम पकडली आणि स्क्रीनवर पट्टी लावून उभं-आडवं मोजलं. ताम्हण गोल आलं की माणसं बरोबर.

हँडब्रेकमध्ये दोन रस्ते आहेत आणि दोन्ही मी वापरले. घरी जपून ठेवायच्या कॉपीसाठी क्रॉपिंग (कडा कापणं) बंद केलं, अ‍ॅनामॉर्फिक (पिक्सेल चौरस न धरता साठवणं) कस्टम केलं, ऑप्टिमल साइझची टिक काढली, ७२० बाय ५७६ तसंच ठेवून पिक्सेल आस्पेक्टमध्ये ६४ आणि ४५ टाकलं. खाली डिस्प्ले साइझ १०२४ बाय ५७६ दिसली तेव्हा खरंच हायसं वाटलं. पण काही प्लेअर आणि काही मोबाइल अ‍ॅप ती नोंद वाचतच नाहीत, म्हणून नातेवाइकांना पाठवायच्या कॉपीला अ‍ॅनामॉर्फिक बंद, अलाउ अपस्केलिंग चालू, आणि हाताने १०२४ बाय ५७६ लिहिलं. यात पिक्सेल खरोखरचे चौरस होतात, मग कुठेही लावा, मावशीच्या फोनवर लावा नाहीतर टीव्हीवर, चित्र तेच.

तुमच्या फाइलमध्ये नोंद शाबूत असेल तर यातलं काहीच करावं लागत नाही, हँडब्रेक स्वतः वाचतं आणि सांभाळतं, फक्त स्टोरेजचा (साठवलेल्या फ्रेमचा) आकडा न बघता डिस्प्लेचा आकडा बघायचा. आणि प्रीसेटच्या (तयार सेटिंगच्या) नावात १०८०पी आहे म्हणून घाबरू नका, ती वरची मर्यादा असते, छोटं चित्र त्याने ओढून मोठं होत नाही.

क्रॉपिंगवर मात्र लक्ष ठेवा. ऑटोमॅटिकवर ते काळ्या पट्ट्या ओळखून कापतं. उभ्या मोबाइल व्हिडिओच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या गेल्या तर चांगलंच आहे, १९२० बाय १०८० मधून ६०८ च्या आसपास रुंदीचं उभं चित्र नीट निघतं. पण ते काही मोजक्या प्रीव्ह्यू फ्रेम बघून ठरवतं, त्यामुळे रात्रीची वरात, अंधारातलं नाटक असं काही असेल तर मी क्रॉपिंग बंदच ठेवते आणि लागलं तर हाताने कापते.

कॉम्प्रेशनबद्दल फार सांगण्यासारखं नाही, ते छानच आहे. एक्स२६४ एन्कोडर (व्हिडिओ दाबून लहान करणारा), कॉन्स्टंट क्वालिटी, आरएफ (क्वालिटीचा आकडा) २०. जुन्या छोट्या फ्रेमला १८ ते २२ आणि फुल एचडीला २० ते २४ हे त्यांचंच मार्गदर्शन आहे, आकडा कमी तितकी फाइल मोठी. चाळीस मिनिटं साधारण ८०० एमबीत बसली. डीव्ही इंटरलेस्ड असतं, म्हणजे प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन भागांत असते, त्यामुळे फिल्टर्समध्ये डीइंटरलेस लावा, नाहीतर अक्षता टाकताना हातांना कंगव्यासारखे दाते दिसतात. अख्खी फिल्म लावण्याआधी रेंजमध्ये सेकंद निवडून वीस सेकंदांचा तुकडा काढून बघा, माझे कितीतरी तास त्याने वाचले. आणि व्हीएलसीमध्ये तपासत असाल तर चुकून ए बटण दाबलं गेलं की तिथलाच रेशो बदलतो, फाइल बरोबर असूनही मी अर्धा तास त्यात घालवला.

कमी काय आहे तर, व्हिडिओ जसाच्या तसा ठेवून फक्त ती नोंद दुरुस्त करणं याला जमत नाही, दरवेळी नव्याने एनकोड करतं (पुन्हा दाबून साठवतं), म्हणजे थोडी क्वालिटी जाते आणि वेळही जातो. तेवढंच काम असेल तर एफएफएमपेग (कमांड टाइप करून चालवायचं व्हिडिओचं साधन) वापरा, किंवा एमकेव्ही फाइल असेल तर एमकेव्हीटूलनिक्स, मिनिटाचं काम. आमच्या फाइलमधले ते कंगव्यासारखे दाते घालवायचे होते, त्यामुळे एनकोड करावंच लागणार होतं. दोन क्लिप जोडणंही यात नाही, ते एडिटरमध्येच उरकून या. आणि डाउनलोड फक्त हँडब्रेक डॉट एफआर वरूनच करा, २०१७ च्या मे महिन्यात त्यांच्या एका मिरर सर्व्हरवर (डाउनलोडची दुसरी प्रत ठेवलेला सर्व्हर) मॅकच्या फाइलमध्ये मालवेअर घुसवलं गेलं होतं, म्हणून चेकसम (फाइल बदललेली नाही हे पडताळायचा कोड) जुळवायची सवय लावून घ्या.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो डायमेन्शन्स टॅबसाठी, एवढं महत्त्वाचं काम तिथे होतं आणि पहिल्यांदा बघणाऱ्याला त्यातलं एक अक्षर कळत नाही.

रविवारी टीव्हीवर लावलं. अंतरपाट धरला तिथे आजी मागे उभी आहे, आईने पॉज करायला लावलं आणि उठून टीव्हीजवळ जाऊन बघत राहिली.