आखाड्यावरची (शेतातल्या घराची) सोलर आणि 20 अँपियरची डीसी एमसीबी : वर्षभर वापरल्यानंतर

पॅनेल, बॅटरी, कंट्रोलर यांच्याबद्दल तक्रार नाही, म्हणून त्यांचं एका ओळीत उरकतो. 165 वॅटची दोन पॅनेलं समांतर, 30 अँपियरचा पीडब्ल्यूएम कंट्रोलर (पॅनेलची वीज मापात बॅटरीत सोडणारा), 150 एएचची ट्युब्युलर बॅटरी. त्यावर दोन बल्ब, सालगड्याच्या खोलीतला पंखा, मोबाइल आणि कुंपणाच्या तारेत झटका सोडणारं झटका मशीन. सगळं ठीक चाललंय. वैताग दिला तो कंट्रोलर आणि बॅटरीच्या मधल्या बोटभर एमसीबीनं, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या बटणानं.

हिवाळ्यात ती एकदाही पडली नाही. मे लागला आणि रोज दुपारी बाराच्या पुढं खट्! सालगडी वर करायचा, तासाभरात पुन्हा खाली. एकदा तो गावाला गेला होता, कोणी बघितलं नाही. बॅटरी भरली नाही, रात्री झटका मशीन बंद आणि रानडुकरांनी उन्हाळी भुईमुगाच्या चार सऱ्या उकरल्या. पडलेली एमसीबी नुसती चार्जिंग थांबवत नाही हेही तेव्हाच कळलं. भर उन्हात बॅटरी सुटली आणि पॅनेल मात्र जोडलेलंच राहिलं, की कंट्रोलरला टेकू राहत नाही. पॅनेलचा उघडा दाब 22 व्होल्टच्या आसपास, तो पुढं बल्ब-पंख्यापर्यंत जाऊ शकतो. आमचा बारा व्होल्टचा एक बल्ब असाच गेला, कंट्रोलर नशिबानं वाचला. जोडताना बॅटरी आधी आणि सोडताना पॅनेल आधी, असं कंट्रोलरच्या कागदावर लिहिलेलं असतं ते याचसाठी. एमसीबी तो कागद वाचत नाही.

वायरमन म्हणाला, "काका, माल डुप्लिकेट हाय, बदलून आणा." क्लॅम्प मीटर लावून त्यानं दाखवलंही, करंट शून्य! त्याचा मीटर फक्त एसीचा, म्हणजे घरच्या लाइटीचा; पॅनेल-बॅटरीच्या डीसी तारेवर तो शून्यच दाखवणार. मोंढ्यातला दुकानदार त्याच्याही पुढचा. "जळाली तर बदलून देतो. पडते म्हणून कशी बदलू? पडणं हेच तिचं काम हाय." यावर काय बोलणार? तेव्हा माझं मत पक्कं होतं, कंपनी भंगार. पाचात एक तारा.

इथपर्यंतचं जूनमध्ये लिहून ठेवलं होतं. पुढचं दिवाळीनंतरचं आहे आणि तारे बदलावे लागणार आहेत.

भाच्यानं डीसीचा क्लॅम्प मीटर आणला. भर दुपारी 19 अँपियरच्या आसपास. पॅनेल तापलं की त्याचा व्होल्टेज उतरतो, अँपियर मात्र उतरत नाहीत. अशा ठिकाणी सतत वाहणाऱ्या करंटच्या सव्वापट एमसीबी घेतात, म्हणजे 24 च्या वर. वायरमननं 20 ची बसवली होती. तीही लोखंडी डब्यात, पत्र्याच्या पश्चिमेच्या भिंतीवर. एमसीबीतली पट्टी उष्णतेनं वाकते आणि तिचं माप 30 किंवा 40 अंशांना धरलेलं असतं. परभणीच्या मे महिन्यात बाहेरच 43-44, तर डब्यात हात घालवत नाही. तिथं 20 ची एमसीबी 17 ची होऊन बसते. वर स्क्रू ढिला, तारेच्या टोकाला लग (दाबून बसवायची टोपी) नाही, ती गरमी वेगळी. म्हणजे कंपनी भंगार नव्हती. तरी तापमानाचा तक्ता खोक्यात टाकायला काय जातं?

आता माझं खरं दुखणं. एमसीबीच्या एका टोकाला बारीक प्लस छापलेला आहे. एमसीबी पडताना आत ठिणगीचा जाळ होतो; डीसीचा जाळ एसीसारखा सेकंदाला शंभरदा शून्याला येऊन विझत नाही. म्हणून अशा एमसीबीत लोहचुंबक असतं, ते जाळ ढकलून पट्ट्यांच्या खोबणीत नेतं. करंट उलटा असला तर जाळ उलटीकडं ढकलला जातो आणि एमसीबीच पेटू शकते. मग मला सांगा, बॅटरीच्या तारेवर तो प्लस कुठल्या बाजूला करायचा? दिवसा करंट बॅटरीकडं जातो, रात्री बॅटरीतून येतो. शॉर्ट झालं तर बॅटरीच हजारावर अँपियर ओकणार, पॅनेल बिचारं 19-20 च्या वर जातच नाही. एक दिशा धरली की दुसरी उघडी. चार दुकानदारांना विचारलं, चौघांनी प्लस वेगवेगळीकडं दाखवला. दोन्ही दिशांनी तोडणारी, प्लस-मायनस नसलेली एमसीबी मिळते, पण आमच्याकडं ती दुकानात ठेवतच नाहीत.

शेवटी ट्रकच्या इलेक्ट्रिक कामाच्या दुकानातून बोल्टनं बसणारा 30 चा मिडी फ्यूज आणला. किंमत होल्डरसकट एमसीबीच्या निम्मीही नाही. बॅटरीच्या प्लसपासून वीतभरावर बसवला, कारण जपायची असते ती तार, आणि फ्यूजच्या अलीकडच्या तारेला कोणी वाली नाही. तार 6 चौरस मिलिमीटर तांब्याची, तिला 30 सोसतो. फ्यूजला दिशा नाही. खोलीला झरोका ठेवलाय, चार्जिंगमध्ये बॅटरी हायड्रोजन सोडते.

पॅनेलच्या बाजूला 32 ची नवी एमसीबी घेतली. तिथं करंट एकाच दिशेचा, त्यामुळं प्लसचा घोळ नाही. शॉर्टमध्ये ती पडणार नाही, पण बटण म्हणून चालते. जुनी 20 ची टाकवेना, ती लोडच्या तारेवर लावली. डबा उत्तरेच्या भिंतीवर हलवला.

एमसीबीला आता तीन तारे. दुकानदाराला एकही नाही. मिडी फ्यूज घेताना दोन जास्तीचे घ्या, आमच्या तालुक्याला 30 चा मिळत नाही, 60 चा गळ्यात मारतात.