‘मेगा मॅन एक्स लेगसी कलेक्शन’: काही महिन्यांच्या वापरानंतर, आणि डॅशच्या बटणाबद्दल जरा जास्तच

‘मेगा मॅन एक्स’ मालिकेतल्या व्हिडिओ गेमच्या या संग्रहाचा पहिला भाग मी गेल्या उन्हाळ्यात सेलमध्ये घेतला, तेव्हा त्यावर कधी काही लिहीन असे वाटले नव्हते. लिहावे लागत आहे याचे कारण असे की, नागपूरच्या सीताबर्डी बाजारातून घेतलेल्या साडेबाराशे रुपयांच्या गेमपॅडचे एक बटण वॉरंटी संपण्याच्या आत दगा देऊ लागले. ते बटण डॅशचे, म्हणजे नायकाला झटक्यात पुढे झेपावायला लावणारे होते, आणि ‘मेगा मॅन एक्स’मधून डॅश वजा केला की त्या गेमच्या गोडीतले नेमके किती शिल्लक राहते, हे मला त्या आठवड्यांत फार जवळून पाहायला मिळाले.

संग्रहात काय आहे हे बहुतेकांना ठाऊक असेल, त्यामुळे थोडक्यात सांगतो. कॅपकॉमने तो जुलै २०१८ मध्ये दोन भागांत काढला. पहिल्या भागात ‘मेगा मॅन एक्स’ (थोडक्यात एक्स) ते एक्स ४ हे गेम आहेत आणि दुसऱ्यात एक्स ५ ते एक्स ८. मी वेळ घालवला तो मुख्यतः पहिल्याच गेमवर, म्हणजे डिसेंबर १९९३ मध्ये जपानात ‘रॉकमॅन एक्स’ या नावाने सुपर फॅमिकॉम या निन्टेंडोच्या गेमयंत्रावर आलेल्या गेमवर. तीस वर्षांहून जुना गेम मी आज पैसे देऊन का खेळावा, हा प्रश्न घरातूनही विचारला गेला. पुढचा मजकूर हे त्याचेच उत्तर आहे, जरी त्यात गेमपॅडची तक्रार अधूनमधून डोकावत राहिली तरी.

बटण पूर्ण बंद पडले असते तर दुकानदाराशी वाद झालाच नसता. ते एकदा दाबले की व्यवस्थित लागत असे. दाबून धरले की मात्र मध्येच क्षणभर सुटत असे. दुकानात गेमपॅड संगणकाला जोडून मालकांनी बटण टकटक दाबले, पडद्यावरचा दिवा लागला, आणि त्यांनी निकाल दिला, “बटण तर चालून राहिलं ना भाऊ, तुमचा गेमच खराब असन.” तीन दशके जगभर खेळल्या गेलेल्या गेमला दोष देऊन साडेबाराशेचा गेमपॅड निर्दोष ठरवणारा हा आत्मविश्वास मला आजही थक्क करतो. बटण दाबणे आणि दाबून धरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी त्यांना परोपरीने सांगून पाहिले. त्यांनी बिलामागचा नियम दाखवला, ज्यात ‘बटणांची झीज’ वॉरंटीत बसत नाही असे बारीक अक्षरांत छापलेले होते. बटण चालते आहे आणि ते झिजलेही आहे, ही दोन्ही विधाने एकाच वेळी कशी खरी असू शकतात, याचा खुलासा झाला नाही.

आता दाबून धरण्याला इतके महत्त्व का, ते सांगतो. नायक एक्सची बंदूक गोळीचे बटण धरून ठेवले की भारते आणि सोडले की मोठा मारा करते. त्यामुळे जाणता खेळाडू ते बटण जवळजवळ सतत धरून ठेवतो आणि त्याच अंगठ्याच्या बुडाने खालचे उडीचे बटण दाबतो. मूळ रचनेत डॅश उजव्या टोकाच्या बटणावर आहे, तिथे हा आधीच गुंतलेला अंगठा पोहोचत नाही. म्हणून पहिली सूचना: गेम सुरू करण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन डॅश उजव्या तर्जनीखालच्या खांद्याच्या बटणावर न्यावा. हा बदल केल्यावर भारलेली गोळी, उडी आणि डॅश या तिन्ही गोष्टी एकाच वेळी हातात राहतात, आणि एक्स अचानक वेगळाच यंत्रमानव वाटू लागतो. माझे बिघडलेले बटण हेच खांद्याचे बटण होते.

डॅश करताना उडी मारली की त्या डॅशचा वेग उडीतही टिकतो. भिंतीला घासत खाली येताना डॅशचे बटण धरून उडी मारली, तर एक्स भिंतीला लाथ मारून दुप्पट लांब फेकला जातो. सपाट जमिनीवर डॅशसाठी दिशेचे बटण दोनदा झटकन दाबण्याची पर्यायी सोय आहे, आणि बिघाडाच्या काळात मी तिच्यावरच दिवस काढले. पण भिंतीवरच्या त्या लांब उडीसाठी बटण धरूनच ठेवावे लागते. ते अर्ध्या क्षणासाठी सुटले की एक्स साधी, आखूड उडी मारतो आणि सरळ खड्ड्यात जातो. नागपूरच्या मे महिन्यात, कूलरसमोर बसूनही बोटे घामेजलेली असताना, बोट घसरले की बटण सुटले हे ओळखणे जवळजवळ अशक्य होते. मी काही आठवडे स्वतःच्या तर्जनीवर उगाच संशय घेतला.

आपल्यापैकी ज्यांचे बालपण नव्वदच्या दशकात गेले, त्यांच्यासाठी टीव्ही गेम म्हणजे स्वस्त नकली यंत्र आणि एका कॅसेटमध्ये लाखभर गेम असल्याचा दावा. त्यात विज्ञानकथेचा गेम म्हटला की ‘कॉन्ट्रा’. ‘कॉन्ट्रा’ अजूनही उत्तम आहे, पण त्यातला सैनिक पहिल्या मिनिटाला जे करू शकतो तेच शेवटपर्यंत करतो. बदलते ती फक्त हातातली बंदूक. शिवाय एक गोळी लागली की जीव गेला. एक्सचे तसे नाही. तो सुरुवातीला मंद आहे, आणि गेमला हे तुमच्या मनावर ठसवायचे आहे. पहिल्या महामार्गाच्या टप्प्यात एक अवाढव्य उडते यंत्र पाडले की ते रस्ता फोडून कोसळते आणि एक्स खड्ड्यात अडकतो. पडद्यावर एकही सूचना येत नाही. बाहेर पडण्याचा मार्ग एकच असतो, तो म्हणजे भिंत. भिंतीला चिकटून उडी मारत वर जाता येते हे खेळाडूला तिथे आपोआप कळते, आणि पुढच्या संपूर्ण गेमचे अर्धे शिक्षण त्या खड्ड्यातच पूर्ण होते. आजच्या गेममध्ये हेच शिकवायला तीन चौकटी, एक बाण आणि एक बोलका पोपट लागला असता.

टप्प्याच्या शेवटी व्हाइल नावाचा शत्रू चिलखती यंत्रात बसून येतो. त्याला हरवता येत नाही. एक्सची ऊर्जा संपत आली की तो त्याला पकडतो, आणि मग एक्सचा साथीदार झिरो येऊन त्या यंत्राचा हात उडवतो. झिरो डॅश करतो. एक्सला तो तेव्हा येत नाही. गेमने अजून एक शब्दही न बोलता तुम्हाला काय हवे आहे ते दाखवून दिलेले असते, आणि नंतर चिल पेंग्विन नावाच्या शत्रूच्या बर्फाळ टप्प्यात, चुकवता येणारच नाही अशा जागी, डॉ. लाइटच्या कॅप्सूलमधून डॅशचे बूट मिळतात. विज्ञानकथेची गोष्ट सांगण्याची ही पद्धत मला संवादांपेक्षा जास्त पटते. विचार आणि निवड करू शकणारा पहिला यंत्रमानव डॉ. लाइटने बनवला, त्याला अनेक वर्षांच्या चाचणीसाठी कॅप्सूलमध्ये बंद केले, पुढे डॉ. केनला तो सापडला आणि त्याच्यावरून रेप्लॉइड नावाचे यंत्रमानव बनवले गेले, त्यांतले काही बंडखोर झाले, आणि बंडखोरांना आवरणारा सिग्माच त्यांचा म्होरक्या बनला. कथा इतकीच आहे आणि पुरेशी आहे. ती अंगाला लागते ती मात्र बुटांमधून.

इथे माझ्या मतात झालेला बदल नोंदवणे आवश्यक आहे. पहिल्या महिन्यात मला कोणी विचारले असते तर मी सांगितले असते की या गेमची खरी गंमत शस्त्रांच्या साखळीत आहे. आठ बंडखोर आहेत, कोणत्याही क्रमाने जा, ज्याला हरवाल त्याचे शस्त्र मिळते आणि ते दुसऱ्या एकाचे मर्मस्थान असते. पेंग्विनचा बर्फ स्पार्क मँड्रिलवर, मँड्रिलची वीज आर्मर्ड आर्माडिलोवर, अशी ती साखळी पुढे सरकते. ती शोधून काढणे ही पहिल्या वेळची मेजवानी आहे. पण दुसऱ्या-तिसऱ्या वेळी तिचा कंटाळा येतो, कारण मर्मस्थान माहीत झाले की लढाईच उरत नाही. बर्फाची प्रत्येक गोळी मँड्रिलला जागीच गोठवते. तो सुटला की पुन्हा गोठवायचे, आणि एवढा धिप्पाड प्राणी एकही ठोसा न मारता संपतो. मी आता बहुतेक वेळा साध्या बंदुकीनेच खेळतो. मग मँड्रिल पडदा ओलांडून धडक मारतो, तुम्ही भिंत चढता, त्याच्या डोक्यावरून डॅशची उडी घेता, आणि लढाई पुन्हा लढाई होते. म्हणजे फिरून गाडी डॅशवरच येते, याला माझा इलाज नाही.

साखळीवरून मन उडाले तरी टप्पे एकमेकांवर परिणाम करतात या गोष्टीवरून ते उडालेले नाही. पेंग्विनला हरवले की फ्लेम मॅमथच्या कारखान्यातला लाव्हा गोठतो. लाँच ऑक्टोपस हरला की स्टिंग कमेलियनच्या जंगलात पाणी भरते. आणि स्टॉर्म ईगलला हरवले की त्याचे हवाई जहाज मँड्रिलच्या वीजकेंद्रावर कोसळते. मग तिथे जमिनीवरून धावणाऱ्या ठिणग्या थांबतात, पण दिवे अधूनमधून जातात आणि अंधारात चाचपडत पुढे जावे लागते. कोराडीच्या वीजकेंद्राची धुराडी गच्चीवरून दिसणाऱ्या माणसाला या टप्प्याचे जरा जास्त कौतुक वाटले तर समजून घ्यावे. विशेष म्हणजे गेम याची घोषणा करत नाही. मी आधी मँड्रिल संपवत असे, त्यामुळे अंधार मला पाहायलाच मिळाला नव्हता. क्रम बदलला तेव्हा तो दिसला. १९९३ च्या कॅसेटवर, जिथे जागेचा प्रत्येक कण मोजून वापरावा लागे, तिथे काही खेळाडूंना कधीच न दिसणाऱ्या गोष्टीवर जागा खर्च केलेली आहे. माझ्यासारख्या हात आखडून खर्च करणाऱ्याला ही उधळपट्टी भावते.

हाच स्वभाव आर्माडिलोच्या खाणीत टोकाला जातो. चिलखताचे सगळे भाग, सगळी शस्त्रे, ऊर्जा वाढवणारी आठही हृदये आणि राखीव ऊर्जेच्या चारही टाक्या मिळवून, भरलेल्या ऊर्जेनिशी त्या टप्प्याच्या अखेरीस पुन्हा पुन्हा गेल्यास डॉ. लाइट कराटेच्या पोशाखात प्रकट होतो आणि कॅपकॉमच्याच ‘स्ट्रीट फायटर’ या मारामारीच्या गेममधला हादोकेन, म्हणजे हातांतून ऊर्जेचा गोळा फेकण्याचा वार, शिकवतो. एका फटक्यात बंडखोर गारद होतो, अट एवढीच की ऊर्जा पूर्ण भरलेली हवी. एवढ्या खटपटीनंतर मिळालेली शक्ती पहिला ओरखडा उठताच निरुपयोगी होते, हा विनोद मला फार आवडला.

तक्रारी आहेतच. कुठेही थांबून तिथूनच पुढे सुरू करण्याची सोय या संग्रहात नाही. टप्पा संपला की प्रगती जपली जाते, मध्ये वीज गेली की टप्पा पहिल्यापासून. वादळी संध्याकाळी आमच्या भागात हे वारंवार होते, आणि इन्व्हर्टरवर संगणक नसल्याने तो भुर्दंड मी सोसतो. नवख्यांसाठी मार कमी बसण्याची सोय दिली आहे; मुलांसाठी ती ठीक आहे. एकाच वेळी दोन बंडखोरांशी लढवणारा ‘एक्स चॅलेंज’ नावाचा प्रकार मी दोन संध्याकाळी पाहिला आणि सोडून दिला. दोघांच्या गोळ्यांत अंग चोरत राहण्यात कसब असेल, मजा नाही. एक्स ४ मधले इंग्रजी संवाद इतके वाईट आहेत की घरातले लोक दुसऱ्या खोलीतून हसायला येत असत, पण त्यातल्या झिरोच्या तलवारीसाठी मी ते सहन करतो. एक्स २ मध्ये डॅश सुरुवातीपासूनच हातात आहे आणि पुढे हवेतही करता येतो. खेळायला तो अधिक सुखाचा असूनही मी पहिल्याकडेच परततो, कारण तिथे डॅश मिळवावा लागतो.

गेमपॅडचे पुढे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. वॉरंटी नाकारलीच आहे तर गमावण्यासारखे काही नव्हते, म्हणून मी चार स्क्रू काढून तो उघडला. आत रबराच्या टोपीखाली कार्बनची टिकली असते. ती खालच्या पट्टीवरच्या रेषांना टेकली की बटण लागते. घाम आणि आपल्याकडची बारीक धूळ मिळून त्या टिकलीवर काळपट थर जमला होता, त्यामुळे दाब हलका होताच संपर्क तुटत असे. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवला, पूर्ण वाळू दिला, आणि बटण ठणठणीत झाले. एकूण खर्च औषधाच्या दुकानातल्या एका बाटलीचा. ज्यांच्याकडे असाच स्वस्त गेमपॅड आहे त्यांनी दुकानात वाद घालण्याआधी, वॉरंटी संपलेली असल्यास, हा उपाय करून पाहावा. वॉरंटी चालू असल्यास दुकानदाराला बटण धरून दाखवण्याचा आग्रह धरावा आणि तो व्हिडिओत टिपून ठेवावा.

दुसरा भाग मी अजून घेतलेला नाही. त्यातल्या एक्स ७ मध्ये सुरुवातीला खुद्द एक्सच खेळायला मिळत नाही, त्याला पुढे मिळवावा लागतो, आणि गेम त्रिमितीत गेल्याने भिंत आणि डॅश यांचा तो नेमका हिशेबही विस्कटतो असे खेळलेल्यांकडून ऐकले आहे. एक्स ५ आणि एक्स ८ यांच्यासाठी पूर्ण किंमत मोजावी असे मला वाटत नाही. पुढच्या मोठ्या सेलमध्ये किंमत अर्ध्याखाली आली तर घेईन. तोपर्यंत एक्स ३ अर्धा राहिला आहे.