एनआयसीयूतील ३६ दिवस आणि नळीने दिलेले दूध

गर्भारपणाच्या तिसाव्या आठवड्यात, १,२८० ग्रॅम वजनाचा जन्मलेला आमचा मुलगा पुण्यातील एका खासगी रुग्णालयाच्या एनआयसीयूमध्ये (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) ३६ दिवस होता. येथे मी केवळ बाळाला दूध देण्याच्या तेथील व्यवस्थेविषयी लिहीत आहे, कारण आई म्हणून त्या दिवसांत माझ्या हाती खरे तर तेवढेच होते.

चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ गर्भारपणाच्या हिशेबाने साधारणतः बत्तीस ते चौतीस आठवड्यांच्या सुमारास बसू लागतो. तोवर दूध नळीनेच द्यावे लागते. नाकाला सीपॅप (श्वासाला मदत म्हणून सतत दाबाने हवा देणारे यंत्र) लावलेला असल्याने नळी तोंडातून घातली होती. घालण्याआधी सिस्टरांनी ती ओठांच्या कडेपासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तेथून छातीचे हाड व बेंबी यांच्या मध्यापर्यंत धरून मोजली आणि १७ सेंटीमीटरवर खूण केली. त्यानंतर दर वेळी ती खूण ओठापाशीच आहे ना हे पाहून, आणि नळी पोटातच असल्याची खात्री म्हणून पोटातला थेंबभर द्राव ओढून पट्टीवर त्याची आम्लता तपासल्याशिवाय दूध सोडले जात नसे. या शिस्तीला पूर्ण गुण.

दूध दर दोन तासांनी, सुरुवातीला अवघे २ मिलिलिटर. दट्ट्या काढलेली सिरिंज बाळाच्या वर वीतभर उंच धरायची आणि दूध आपल्या वजनानेच उतरू द्यायचे. वेग वाढला की हात खाली. तिसऱ्या दिवसापासून सिरिंज धरण्याचे काम मला दिले गेले. पंपाने संथ दूध देण्याची सोयही तेथे होती, परंतु आईच्या दुधातली चरबी लांब नळीला चिकटून राहते म्हणून डॉक्टरांनी ती आमच्यासाठी टाळली, आणि हे कारण न विचारता समजावून सांगितले. दहाव्या दिवशी आम्ही १६ मिलिलिटरवर पोहोचलो.

तक्रार आहे ती रात्रपाळीविषयी. एकदा घाईत दट्ट्या लावून दूध ढकलले गेले. बाळाने ते उलटवले आणि ऑक्सिजनचा आकडा घसरला. बाळ लगेच सावरले, मात्र आम्हाला ते सकाळी, तेही तक्ता पाहून मीच विचारल्यावर कळले. दूध काढण्याच्या खोलीची अवस्थाही बरी नव्हती: सहा आयांसाठी एकच पंप आणि पाठ न टेकता येणारी स्टुले. धायरीहून सिंहगड रस्त्याच्या गर्दीतून बर्फाच्या डब्यात दूध आणणे त्यापेक्षा सोपे वाटे.

चौतिसाव्या आठवड्याच्या आधीच, नळीतून दूध जात असताना बाळाला रिकाम्या केलेल्या स्तनाशी धरायला सांगितले गेले, जेणेकरून चोखणे आणि पोट भरणे यांची सांगड त्याला कळावी. हा भाग मला सर्वांत आवडला. पुढे वाटी-चमच्याऐवजी बोंडले आले. सासूबाई घरचे चांदीचे घेऊन आल्या होत्या, परंतु त्याच्या चोचीत साचलेली काळपट रेघ दाखवून सिस्टरांनी ते नम्रपणे परत केले आणि उकळलेले स्टीलचे दिले. सासूबाई दोन दिवस रुसल्या.

जाता जाता एक व्यावहारिक सूचना: रोजच्या दुधाच्या तक्त्याची प्रत मागितल्यास मिळते, आपणहून देत नाहीत. घरी आल्यावर बालरोगतज्ज्ञांनी आमच्याकडे सर्वांत आधी तीच मागितली.